लाँचर पार्टीचा एक हिवाळा

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. कच्च्या रस्त्यानं गाडी गेली की टपावर धूळ बसते, तसे ते आपोआप बसतात. गाडी चालू आहे तोवर कोणाचं लक्ष नसतं. मग ती एकदाची उभी राहते, कोणीतरी टपावर बोट फिरवतो आणि म्हणतो, "अरे बापरे, किती!"

आमच्या लाँचर पार्टीचं तेच झालं. पार्टी म्हणजे फार मोठी पलटण समजू नका. तीन माणसं, एक ट्रक आणि एक नळी! पासष्टच्या लढाईला वर्ष उलटून गेलं होतं. सहासष्टच्या नवरात्रापासून संक्रांतीपर्यंत यवतमाळ जिल्ह्यातले बाजार फिरायचे, लोकांना रणगाडा फोडणारं रॉकेट लाँचर दाखवायचं, जमलंच तर चार तरुणांना भरतीसाठी तयार करायचं, असा हुकूम होता.

हवालदार राठोड आमचे प्रमुख, दारव्ह्याकडच्या तांड्यावरचे. लाँचर खांद्यावर घेऊन घोडा दाबणारा तो नंबर एक, म्हणजे ते. मागून गोळा भरणारा तो नंबर दोन, म्हणजे मी, वानखडे, राळेगाव तालुक्यातला. आणि ट्रकवर ड्रायव्हर हनीफभाई, खास यवतमाळचे. त्यांच्या घरात सगळेच मेकॅनिक.

नळी खरी होती, गोळा मात्र खोटा, ड्रिलचा. आत दारू नाही, काही नाही. पण दिसायला अगदी असली! त्या तीन महिन्यांत मी जेवढा हसलो आणि जेवढा शिकलो, तेवढा पुढं पंधरा वर्षांच्या नोकरीत नाही. त्या दोघांचे उपकार आहेत माझ्यावर, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर हसण्याच्या नादात राहून जाईल.

* * *

पहिलाच मुक्काम कळंबजवळच्या एका गावात, आणि नेमकी खंडेनवमी! घराघरात विळे, कोयते, भाजी चिरायच्या पावश्या धुऊन पुजायला मांडलेल्या. आम्ही नळी काढून जोडली. ही नळी मधून दोन तुकड्यांची असते, न्यायला सोपी. जोडली की पाच फूट लांब. ती पाहून बाया ताट घेऊनच आल्या.

"आमची पावशी पुजते आन् तुमची एवढी मोठी नळी तशीच राहीन काय?"

हवालदार म्हणाले, "माय, सरकारी सामान हाय."

"मंग सरकारले देव नाही काय?"

हवालदारांनी नळी पुढं केली. हळद लागली, कुंकू लागलं, नारळ फुटला. एक आजोबा फार हौशी. त्यांनी नळी दोन्ही बाजूंनी पाहिली आणि ओरडले, "अवो, इले दोन तोंडं हायेत! दोन्हीले लावा!" मग दोन्ही तोंडांना, काठावर गोल, चांगलं बोटभर कुंकू लागलं.

दुसऱ्या दिवशी यवतमाळहून कॅप्टनसाहेब अचानक इन्स्पेक्शनला हजर. नळी पुसायची राहून गेलेली. साहेबांनी ती उचलली आणि आतून साफ आहे का पाहायला तोंडाला डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. डोळा काढला, तर भोवती गोल लाल वर्तुळ!

हनीफभाईंनी बॉनेट उघडून डोकं आत घातलं. हवालदारांनी कडक सलाम ठोकला, "नळी साफ है, साब!"

साहेबांनी डोळ्याला बोट लावलं, बोट पाहिलं.

"हवालदार, पूजा हुई है?"

"जी साब."

"तो प्रसाद किधर है?"

हनीफभाईंनी सीटखालून अर्धा नारळ काढून दिला. साहेब खोबरं खात खात जीपमध्ये बसले आणि गेले. वर्तुळासकट!

* * *

कळंबच्या बाजारात आमचं पहिलं खरं प्रात्यक्षिक. हवालदारांचं भाषण पाठ होतं. घोडा दाबला की मुठीतल्या छोट्या यंत्रात वीज तयार होते. वीज तारेतून गोळ्याच्या बुडाशी जाते, तिथली दारू पेटते. गोळा पुढं जातो, आग मागं जाते. बंदुकीचं बूड बंद असतं म्हणून ती खांद्याला लाथ मारते. या नळीला बूडच नाही, म्हणून हिचा झटका नाही.

एक शेतकरी हात वर करून म्हणाला, "साहेब, झटका नाही म्हणता, तं मंग थो जाते कुठी?"

"मांगं! मांगं पंचवीस यार्ड मानूस नको, बैल नको, कडबा-कुटाराचा ढीग नको."

"पन दुश्मन तं समोर हाय न?"

"हाय."

"मंग मांगच्यानं काय केलं?"

सगळे हसले. हवालदारांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कोणाच्या डोक्यात शिरेना. शेवटी वालाच्या शेंगा विकणारी एक म्हातारी जागेवरूनच म्हणाली, "कायले डोकं पिकवता बापा? फुंकनी हाय ते! चुलीत फुंकतानी फुंकनीच्या मांगं तोंड कोनाचं असते? आपल्याच मानसाचं न? जाळ उलटा आला का त्याचंच तोंड भाजते. दुश्मन दूर हाय, आपला मानूस जवळ हाय. त्याले आंधी जपा!"

झालं! सगळ्या बाजाराला एका क्षणात कळलं. लष्करी पुस्तकात दोन पानं लिहिलेली गोष्ट तिनं शेंगा सोलता सोलता सांगितली. टाळ्या पडल्या. मीही जोरात वाजवल्या. म्हातारीनं आम्हाला ओंजळभर शेंगा दिल्या, वर म्हणाली, "रांधून खा, निसत्या नका खाऊ!"

हवालदार मात्र हसले नाहीत. भाषण अर्ध्यावर सोडून नळी काढली, कापडात बांधली आणि ट्रकमध्ये जाऊन बसले. मला वाटलं, म्हातारीनं भाषण पळवलं म्हणून राग आला.

* * *

राग नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर दाढी करताना त्यांनी स्वतःच सांगितलं. हा किस्सा हसण्याचा नाही, पण हा कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

लाँचरवर दोघांचं काम कसं चालतं ते आधी सांगतो. नंबर एक नळी खांद्यावर घेऊन समोर पाहतो. त्यानं मागं वळून पाहायचं नाही. नंबर दोन मागून गोळा सरकवतो, गोळ्याची तार नळीच्या खिट्टीला जोडतो, मग आगीच्या वाटेतून बाजूला सरकतो आणि नंबर एकच्या लोखंडी टोपीवर टपली मारतो. टपली म्हणजे, मी सुखरूप बाजूला आहे, आता दाब! त्या गोंगाटात ओरडून काही कळत नाही, म्हणून टपली. नंबर एकनं टपलीशिवाय घोडा दाबला तर मागच्याचं काय होईल हे त्या म्हातारीनं सांगितलंच.

लढाईत हवालदारांचा नंबर दोन होता दौलत, ढाणकीचा. पंजाबात उसाच्या फडाच्या कडेला दोघं खड्ड्यात बसले होते. उसातून रणगाडा निघाला. या लाँचरनं लांबून मारून उपयोग नसतो, जवळ येऊ द्यावा लागतो. हवालदार दम धरून बसले. तोफगोळे पडत होते, खड्ड्याच्या कडेची माती ढासळत होती. दौलतनं गोळा भरल्याचं कळलं. टोपीवर टप् झालं. हवालदारांनी घोडा दाबला. रणगाडा जागेवर थांबला आणि पेटला!

मागं वळून पाहिलं तर दौलत नळीच्या मागंच होता. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. आणि हवालदारांच्या खांद्यावर फुटलेल्या ढेकळाची माती.

"टपली नोहती ते, वानखडे," हवालदार म्हणाले. गालावर साबण तसाच होता. "ढेकूळ पडलं डोक्यावर. म्या ढेकळावर घोडा दाबला."

दौलतला लगेच स्ट्रेचरवर नेलं, एक शब्द बोलायला मिळाला नाही. त्याचा हात कायमचा गेला, तो घरी आला. त्याच गोळ्यासाठी नाईक राठोडचे हवालदार राठोड झाले. त्यांनी दौलतला तीन पत्रं टाकली. उत्तर एकाचंही नाही.

"हवालदाराच्या तीन फित्या लावतो म्या रोज," ते म्हणाले, "आन् रोज वाटते, ह्या त्याच्या हाताच्या हायेत."

आमच्या दौऱ्याच्या यादीत ढाणकीचं नाव होतं. त्यांनी तिथं जायचं कसं, आणि दौलत समोर आला तर त्याला तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न त्या दिवसापासून ट्रकमध्ये आमच्याबरोबर फिरू लागला.

* * *

आता माझ्या गावचा किस्सा. हा मी मरेपर्यंत सांगणार.

छपन्न साली आमची घरं बौद्ध झाली. त्याला दहा वर्षं झाली होती, पण गावातली कोणतीही गंमत अजून चावडीपुढंच व्हायची आणि आमच्या वस्तीनं ती लांबून, मागं उभं राहून पाहायची. लाँचर येणार म्हणून पाटलांनी चावडीपुढं मांडव घातला, खुर्च्या मांडल्या. मी गणवेशात होतो, पण नजर मांडवापलीकडंच वळत होती. माझी आई कुठं उभी राहणार, हेच डोक्यात.

मी हवालदारांना एका शब्दानं काही बोललो नव्हतो. त्यांनी ट्रकमधून उतरून चावडी पाहिली, मांडव पाहिला, मग मांडवापलीकडं लांब उभी असलेली माणसं पाहिली. मग पाटलांना नमस्कार केला आणि मांडवाच्या मागं पावलं मोजायला लागले. एक, दोन, तीन... नवव्या पावलाला गोठा लागला.

"नाही जमत, पाटीलसाहेब."

"काहून?"

"मांगं पंचवीस यार्ड मोकळं लागते. सरकारी नियम हाय."

मग पावलं मोजत गावभर फिरले. शाळेपाशी नाही जमत, मारुतीच्या पारापाशी नाही जमत. मागून पाटील, त्यांच्या मागून मास्तर, त्यांच्या मागून सगळं गाव! शेवटी आमच्या वस्तीतलं विहारापुढचं पटांगण आलं. तिथं पंचवीसच काय, पन्नास यार्ड मोकळे. हवालदार थांबले.

"इथी बसते नियमात!"

मग काय! पाटलांच्या खुर्च्या आमच्या वस्तीत आल्या. सगळ्यात पुढं आमची माणसं बसली, कारण ती तिथंच राहतात, ती कुठं जाणार? ऊन चढलं तशी लोकांना तहान लागली, आणि पाणी होतं ते आमच्याच रांजणातलं. सगळे प्याले असं मी म्हणत नाही. बरेच प्याले.

प्रात्यक्षिक झाल्यावर आई पुढं आली. तिला एकच शंका. "माझ्या पोराले बंदूक नाही देली काय? हा तं निसता मांगून गोळा घालते."

लोक हसले. मी कानापर्यंत लाल. हवालदार म्हणाले, "माय, मी समोर पाह्यतो आन् घोडा दाबतो. मांगं काय हाय ते मले दिसत नाही. माझ्या मांगचं सारं यानं पाह्यचं. ज्याच्यावर एवढा इस्वास टाकता येते, त्यालेच नंबर दोन करते."

आईनं त्यांना तीनदा वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. तिसऱ्यांदा त्यांनी हात आडवा धरला तर म्हणाली, "हे बी नियमात बसते!"

ट्रक गावाबाहेर पडल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, आपला गोळा तं खोटा हाय. नळीतून ठिणगी निघत नाही. मंग पंचवीस यार्ड कायले?"

हवालदार समोर पाहत म्हणाले, "वानखडे, नियम तो नियम."

मी त्यांचे आभार मानायला तोंड उघडलं तर हनीफभाईंनी इतक्या जोरात हॉर्न दाबला की माझं बोलणं तिथंच राहिलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

* * *

यवतमाळात एका शिक्षकांनी हवालदारांना अडवलं. प्रश्न रास्त होता. रणगाड्याचं पोलाद चार-पाच बोटं जाड. तुमचा गोळा चार किलोचा, तोही हळू जाणारा. दगड मारल्यासारखा आपटून खाली पडायला हवा. तो आत कसा शिरतो?

हवालदारांनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. गोळ्याच्या तोंडाशी दारूत तांब्याचा पोकळ शंकू असतो. दारू फुटली की सगळा जोर त्या शंकूतून एका बारीक धारेत पुढं जातो आणि पोलादाला भोक पाडतो. गोळा आत शिरतच नाही, धार शिरते.

"पण का?" शिक्षक म्हणाले.

"पुस्तकात तसंच हाय, गुरुजी."

शिक्षक हसले. हवालदारांना ते लागलं. तेव्हा हनीफभाई बिडी विझवून पुढं आले. "गुरुजी, दस मिनट. हमारे भाई के गॅरेज में चलो."

सगळी गर्दी गॅरेजात! हनीफभाईंनी जीपच्या स्प्रिंगचा मोडका पाटा शिकंज्यात धरला. आधी स्टोव्हची मोठी ज्वाला त्याला लावली. पाटा काळा पडला, बाकी काही नाही. मग गॅस कटिंगचा टॉर्च पेटवून त्याची ज्वाला सुईएवढी बारीक केली आणि पाट्यावर धरली. भराभर ठिणग्या उडाल्या आणि पाट्याचे दोन तुकडे खाली पडले.

"वो बड़ी आग थी, कुछ नहीं किया. ये छोटी है, काट दी. फैलेगी तं गरम करती, सुई बनेगी तं काटती. गोले में बी वोइच है, बस पलक झपकने जितनी देर की!"

शिक्षकांनी हनीफभाईंचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला. हवालदारांनी तर त्यांना सलाम केला. मला तेव्हा वाटलं की हा माणूस शाळेत चौथीच्या पुढं गेला नाही हे नुकसान त्याचं नाही, शाळेचं आहे.

भरतीसाठी त्या दिवशी एकानंही नाव दिलं नाही. हनीफभाईंच्या भावाकडे मात्र सात जण उमेदवारीला राहिले!

* * *

इकडं ढाणकी काही येईना. तिथल्या आठवडी बाजाराचा दिवस जवळ आला की हवालदारांना काहीतरी आठवायचं. एकदा म्हणे, नळीला तेल कमी पडलं, यवतमाळला परत चला. एकदा म्हणे, ढाणकीला जायचा उमरखेडकडचा रस्ता खराब आहे असं ऐकलं. कोणाकडून ऐकलं ते सांगेनात. एकदा कळंबला चिंतामणीचं दर्शन राहिलं होतं. ते आम्ही आधीच दोनदा घेतलं होतं!

चौथ्यांदा त्यांनी रेडिएटरचं नाव काढलं. "हनीफभाई, पानी गळून राह्यलं वाटते. ढाणकीपर्यंत नाही जानार गाडी."

हनीफभाई खाली उतरले. रेडिएटर पाहिला, पाईप पाहिले, चाकाला लाथ मारून पाहिली. मग खिडकीपाशी येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहब, गाडी तं टनाटन है. बिमार कोन है?"

हवालदारांनी दौऱ्याची यादी काढली. त्या दिवशी आम्ही पुसदला गेलो.

मग मी आणि हनीफभाईंनी मिळून एक गुन्हा केला. वरिष्ठाची दिशाभूल म्हणतात त्याला. पुढच्या आठवड्यात हवालदारांनी सांगितलं, दिग्रस. हनीफभाई म्हणाले, "जी साहब, दिग्रस." आणि गाडी ढाणकीच्या रस्त्याला घातली. हवालदार तांड्यावरचे, त्यांना या भागातला प्रत्येक ओढा ओळखीचा. पहिल्या फाट्यावरच त्यांच्या लक्षात आलं असणार. पण त्यांनी गाडी थांबवायला सांगितलं नाही. फक्त गणवेशाची वरची गुंडी लावली, मग काढली, मग पुन्हा लावली.

* * *

ढाणकीचा बाजार भरला होता. आम्ही बैलबाजाराच्या कडेला नळी जोडली. हवालदारांचं भाषण सुरू झालं, पण डोळे गर्दीवरून फिरत होते. नळी खांद्यावर घेऊन ते गुडघ्यावर बसले. मी मागून गोळा सरकवला, तार जोडली, बाजूला झालो, टोपीवर टपली मारली. आता त्यांनी "फायर!" म्हणून ओरडायचं. ते ओरडेनात.

समोर कासरे, वेसणी, दोरखंड मांडून एक माणूस बसला होता. तो उठून उभा राहिला होता. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली, हात छातीशी धरलेला.

"साहेब," तो म्हणाला, "आता दाबा न! लोकं वाट पाहून राह्यले."

हवालदारांनी नळी खाली ठेवली. शंभर माणसांसमोर ते चालत त्याच्याकडे गेले. दौलतनं दुकान शेजाऱ्यावर सोपवलं आणि आम्हा तिघांना घरी नेलं. घर बाजाराच्या मागंच होतं. त्याची बायको ओसरीत बसून दोर वळत होती. तिनं सतरंजी टाकली. हवालदार बसले नाहीत.

"दौलत, म्या आंधी बोलतो, मंग बसतो."

आणि उभ्यानं सगळं सांगितलं. उसाचा फड, ढासळती माती, टोपीवरचं ढेकूळ, दंडावरच्या तीन फित्या. काही वगळलं नाही, स्वतःसाठी एक शब्द मवाळ वापरला नाही. शेवटी म्हणाले, "टपलीची वाट नाही पाह्यली म्या. तुवा हात माझ्यापायी गेला." हनीफभाई दाराकडे तोंड करून उभे राहिले.

दौलत सगळं ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "कोनतं ढेकूळ?"

"माझ्या डोक्यावर पडलं ते."

दौलत बायकोकडे वळला. "तो कागद आन वं."

तिनं कोनाड्यातून एक कागद आणून दिला. वहीचं पान. त्यावर मोठी मोठी, वाकडी, एकमेकांवर चढलेली अक्षरं. एका ओळीत तीनच शब्द मावलेले. शाई जागोजागी वेगळी, म्हणजे रोज थोडं थोडं लिहिलेलं. हवालदारांनी कागद हातात घेतला, पण त्यांना वाचवेना. त्यांनी तो माझ्याकडे दिला. मी मोठ्यानं वाचलं.

"राठोड साहेब यांस रामराम. तुमची पत्रं पोचली. टपली मीच मारली. रणगाडा अंगावर आला होता. मी बाजूला सरकलो असतो तर वेळ गेला असता. आपण दोघं आणि मागच्या खड्ड्यातले सहा, कोणीच राहिलं नसतं. मी तार जोडली आणि तिथूनच हात लांब करून मारली. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही दाबलं नसतं. तुम्ही टपलीवर भरोसा ठेवला म्हणून मी आज घरी आहे, लेकरांत आहे. तुमचे उपकार"

एवढंच होतं. पुढं कागद कोरा.

हवालदार आता खाली बसले होते, सतरंजीवर नाही, नुसत्या जमिनीवर. त्यांनी दौलतचा तो चिकटलेल्या बोटांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"येड्या," ते म्हणाले, "एवढं लिवून ठेवलं, तं धाडलं काहून नाही?"

"पुरं कुठी झालं?" दौलत म्हणाला. "डाव्या हातानं दिवसाले दोन शब्द होते. तुमीच लवकर आले, साहेब!"